उंच केलेली गाडी आणि तिची बिघडलेली चाल

गेल्या पावसाळ्यात आतेभावाची मारुतीची जिम्नी मी महूहून इंदूरला चालवत आणत होतो. गाडीला आठच दिवसांपूर्वी दोन इंचांचं लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करायचं सामान, बसवलं होतं. राऊच्या अलीकडे पुलाच्या जोडावर पुढची चाकं आपटली आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. साधी थरथर नव्हती, दोन्ही हातांनी धरूनही आवरेना. ब्रेक हळूहळू दाबत वेग चाळिसाच्या खाली आणला तेव्हा कुठे ते शांत झालं. मागे वहिनी आणि तिची मुलगी बसली होती. रामबागेतल्या घरापाशी गाडी उभी करेपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

त्यानंतरचे दोन रविवार आम्ही त्या गाडीखाली काढले. तिथे जे सापडलं आणि ते दुरुस्त करताना जे समजलं, ते इथे सांगतो. कारण इंदूरच्या रस्त्यांवर उंच केलेल्या थार, जिप्सी, जिम्नी आता सर्रास दिसतात, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या त्या दिवशीच्या आमच्या गाडीसारख्याच धावत असणार.

गाडी उंच करायची हौस इथे का असते, हे मालव्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पाऊस लागला की तिंछा, चोरल, जानापाव, जाम गेट या बाजूला निघायचं. डांबरी रस्ता सोडला की काळी माती. ती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचांत भरते आणि टायर गुळगुळीत करून टाकते. तिच्या खाली विंध्याचा काळा दगड असतो, तो चिखलात दिसत नाही, गाडीच्या पोटाला लागतो तेव्हाच कळतो. दोन इंच जास्त असते तर वाचलो असतो, असं प्रत्येकाला एकदा तरी वाटलेलं असतं.

दोन इंच विकत मिळतात. किट आणायचं, एका दिवसात बसवून घ्यायचं. पण गाडीचं अंग वर उचललं की खालचे सगळे रॉड, शाफ्ट, नळ्या आपापल्या जागी वाकड्या होतात. कारखान्याने जी मापं एकमेकांशी जुळवून दिलेली असतात, ती मोडतात. ती पुन्हा जुळवून घेणं हे किट बसवण्यापेक्षा मोठं काम आहे, आणि गॅरेजमध्ये ते बहुतेक वेळा राहून जातं, कारण गिऱ्हाईक गाडीची उंची बघून खूश होऊन निघून जातं.

शब्दांबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. आमच्याकडे घरात मराठी, गल्लीत मालवी वळणाची हिंदी आणि गॅरेजात दोन्हींची मिसळ. पुण्याकडे ज्याला शॉकअप किंवा जंपर म्हणतात तो इथे शॉकर होतो, आणि पाट्यांच्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या, कमानी होतात. मी इथे शॉकअप आणि पाटे हेच शब्द वापरतो.

स्प्रिंग आणि शॉकअप

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. शॉकअप वजन पेलत नाही, तो स्प्रिंगची उसळी आवरतो. ही दोन कामं वेगळी आहेत, एवढं डोक्यात पक्कं बसलं तर पुढचा निम्मा लेख आपोआप समजेल.

बँकेच्या किंवा दवाखान्याच्या दारावर वरच्या बाजूला क्लोजर लावलेला असतो, तो आठवा. त्याच्या आत एक स्प्रिंग असते, ती दार बंद करते. आणि तेल असतं, ते बारीक वाटेतून जाताना दाराचा वेग आवरतं. बाजूला एक छोटा स्क्रू असतो. तो सैल केला तर दार धाडकन आपटतं. फार आवळला तर दार बंद व्हायला इतका वेळ घेतं, की तेवढ्यात दुसरा माणूस येतो, मग तिसरा, आणि दार अर्धवट उघडंच राहतं. गाडीच्या शॉकअपमध्येही हेच आहे: तेल, बारीक वाटा, आणि काही शॉकअपना बाहेरून फिरवायची चकती. लाटालाटांच्या मुरमाच्या रस्त्यावर रिबाउंड, म्हणजे चाकाचं परत खाली येणं, फार आवळलेलं असलं तर एका लाटेनंतर चाक पुरतं खाली येण्याआधीच पुढची लाट येते. पाच-सात लाटांत गाडी आपल्याच स्प्रिंगवर खाली बसत जाते आणि शेवटी रबरावर आपटायला लागते. चालकाला वाटतं स्प्रिंग मऊ आहे. तो अजून कडक स्प्रिंग आणतो. खरं तर चकती दोन घर, म्हणजे दोन खाचा, सोडायची असते.

आता स्प्रिंगचा हिशेब. समजा एका चाकावर गाडीचं ३०० किलो वजन येतं, आणि स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला ३ किलो लागतात. ती १०० मिमी दबून थांबेल. मागे एक क्विंटल सामान टाकलं, म्हणजे मागच्या प्रत्येक चाकावर ५० किलो, तर मागची बाजू साधारण १७ मिमी खाली जाईल. स्प्रिंगच्या वरच्या टोकाला ५० मिमी जाडीची चकती (शॉकअपची फिरवायची ती नव्हे, नुसता जाड ठोकळा) घातली तर गाडीचं अंग ५० मिमी वर जाईल, पण स्प्रिंग तेवढीच, १०० मिमीच दबलेली राहील, कारण वजन तेवढंच आहे. म्हणजे चकती घातल्याने स्प्रिंग कडक होत नाही. मग चकती घातलेल्या गाड्या इतक्या आदळतात का?

गेलेली चाल

उत्तर चालीत आहे. चाल म्हणजे चाक वर-खाली किती हलू शकतं ते अंतर. समजा गाडी कारखान्यातून आली तेव्हा चाक तिथून १०० मिमी वर जाऊ शकत होतं आणि १०० मिमी खाली लोंबू शकत होतं. वर जाणं बंप रबरावर, म्हणजे धक्का अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर थांबतं, खाली लोंबणं शॉकअपच्या लांबीवर. एकूण २०० मिमी.

आता ५० मिमीची चकती घातली आणि शॉकअप जुनाच ठेवला. गाडी उभी असतानाच शॉकअप ५० मिमी जास्त ताणलेला आहे. खाली लोंबायला उरले फक्त ५० मिमी. वरच्या बाजूला १५० मिमी मिळाले असं वाटतं, पण स्प्रिंग तर पूर्वीइतकीच आहे. चाक १५० मिमी वर गेलं तर तिचे वेढे एकमेकांवर बसून ती सळईसारखी कडक होण्याची भीती असते. त्यासाठी बंप रबराखाली ५० मिमीचा ठोकळा द्यावा लागतो. तो दिला की वरची चाल परत १०० मिमी. आता बेरीज करा: १०० आणि ५०, एकूण १५०. गाडी दोन इंचांनी उंच झाली आणि चाकाची चाल पाव हिश्श्याने कमी झाली.

खड्ड्यात चाक खाली जायला हवं तिथे शॉकअप पूर्ण ताणून खट् करतो आणि चाक हवेत लटकतं. ओढ्यातल्या दगडांवर जिथे चाकाने जमीन धरून ठेवायची, तिथेच ते सुटतं. जी गोष्ट मिळवायला गाडी उंच केली, तीच गेली. म्हणून चकतीच्या लिफ्टबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पाऊण-एक इंचापर्यंत ठीक, त्यापुढे लांब स्प्रिंग आणि त्या स्प्रिंगच्या मापाचे लांब शॉकअप, दोन्ही घ्यावेत, नाहीतर गाडी आहे तशी राहू द्यावी.

लांब शॉकअप घेतानाही दोन मापं बघावी लागतात. पूर्ण उघडल्यावर तो किती लांब होतो हे सगळे बघतात. पूर्ण दबल्यावर किती आखूड होतो, हे कुणी बघत नाही. तो पुरेसा आखूड होत नसेल तर बंप रबराला ॲक्सल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आस, टेकण्याआधी शॉकअपच आतून टेकतो, आणि गाडीचा सगळा मार त्याच्या दांड्यावर आणि वरच्या बोल्टवर बसतो. ते तुटायला एक मोठा खड्डा पुरतो.

हे तपासायची पद्धत सोपी आहे, वेळखाऊ आहे. गाडी चेसिसखाली, म्हणजे तिच्या लोखंडी सांगाड्याखाली, घोड्यांवर टेकवा, नुसत्या जॅकवर कधीच नको. स्प्रिंगा काढा, शॉकअप राहू द्या. आता ॲक्सल जॅकने हळूहळू वर न्या, बंप रबराला टेकेपर्यंत, आणि मग खाली सोडा, पूर्ण लोंबेपर्यंत. एक बाजू वर, दुसरी खाली, असंही करून बघा, आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवूनही. हे करताना टॉर्च घेऊन एकेक गोष्ट बघायची: ब्रेकची रबरी नळी ताणत नाही ना, शॉकअप आधी टेकत नाही ना, टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासत नाही ना, एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरची वायर ओढली जात नाही ना. आमच्या गाडीत पुढच्या डाव्या चाकाची ब्रेकनळी पूर्ण लोंबल्यावर सतारीच्या तारेसारखी ताठ होत होती. चाक एकदा नीट खड्ड्यात गेलं असतं तर ब्रेकच गेला असता. लांब नळी बसवायला अर्धा तास लागला.

गाडी भरकटते का

जिम्नीला पुढे आणि मागे, दोन्हीकडे सलग ॲक्सल आहे आणि कॉइल स्प्रिंगा आहेत. असा ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून एक आडवा रॉड असतो: एक टोक चेसिसला, दुसरं ॲक्सलला. आणि पुढे-मागे सरकू नये म्हणून चेसिसपासून ॲक्सलपर्यंत दोन लांब हात असतात. गाडी उंच केली की हे दोन्ही तिरके होतात, आणि तिरकेपणाचे परिणाम दोन वेगळे आहेत.

आडव्या रॉडचं आधी. शिडी भिंतीला टेकवून उभी करताना पाय भिंतीकडे सरकतात, तसं इथे होतं. रॉडची लांबी तेवढीच राहते, तो जास्त उभा झाला की त्याचं आडवं अंतर कमी होतं, आणि ॲक्सल त्या बाजूला ओढला जातो जिथे रॉड चेसिसला बांधलेला आहे. किती? समजा रॉड ९०० मिमी लांब आहे आणि एक टोक दुसऱ्यापेक्षा १०० मिमी खाली आहे. गाडी आणखी ५० मिमी वर उचलली तर ॲक्सल ७ मिमी सरकतो. तोच रॉड आधी अगदी आडवा असता तर त्याच ५० मिमीला दीड मिमीही सरकला नसता. म्हणून पहिल्या इंचाला फरक जाणवत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या इंचाला गाडी खेकड्यासारखी तिरकी चालल्यासारखी दिसते. यावर उपाय म्हणजे लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड. ओळंबा घेऊन मडगार्डच्या काठावरून खाली सोडायचा, टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजायचं आणि दोन्ही सारखं येईपर्यंत रॉड फिरवायचा. गवंड्याचं काम आहे, पण इथे ते बरोबर लागू पडतं.

दुसरा परिणाम जास्त गंभीर, आणि राऊजवळच्या त्या प्रकाराचं निम्मं कारण तोच होता. सायकलचा पुढचा चिमटा बाजूने बघा. तो सरळ उभा नसतो, वरून मागे झुकलेला असतो. त्या झुकण्यामुळे हात सोडले तरी चाक सरळ राहू बघतं. गाडीच्या पुढच्या चाकांनाही असाच झुकाव असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. वळणातून बाहेर येताना स्टिअरिंग आपोआप सरळ होतं ते त्याच्यामुळे. जिम्नीचे ते दोन लांब हात चेसिसला मागच्या बाजूला बांधलेले आहेत आणि पुढे ॲक्सलला जोडलेले. गाडी वर गेली की हातांची पुढची टोकं खाली झुकतात आणि त्यांच्याबरोबर ॲक्सलही पुढे कलंडतो. झुकाव कमी होतो. हात समजा ७५० मिमी लांब असेल तर ५० मिमीच्या लिफ्टला जवळपास चार अंश जातात. एकूण कॅस्टरच मुळात काही अंशांचा असतो, त्यातून एवढा गेला तर गाडी सरळ रस्त्यावर सतत हाताने सांभाळावी लागते. ट्रक शेजारून गेला की सरकते, वळणानंतर स्टिअरिंग परत येत नाही.

अलाइनमेंटच्या मशीनवर घेतली तेव्हा आमच्या गाडीचा कॅस्टर कारखान्याच्या मापापेक्षा तीन अंशांनी कमी निघाला. मशीनवरचा मुलगा म्हणाला, यात ॲडजस्टमेंट नसते, टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते माप) करून देतो. त्याचं म्हणणं खरं होतं. सलग ॲक्सलच्या गाडीत कॅस्टर मशीनवर फिरवून मिळत नाही. त्यासाठी हातांच्या टोकाला मध्यापासून सरकलेल्या भोकाचे बुश, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळ्या, घालाव्या लागतात, किंवा हातच बदलावे लागतात. किटबरोबर ते आले नसतील तर वेगळे घ्या. दोन इंचांच्या लिफ्टला मी ते सक्तीचे समजतो.

राहिलं स्टिअरिंगचं चाक. लिफ्टनंतर ते सरळ रस्त्यावर वाकडं दिसतं, कारण स्टिअरिंग बॉक्सपासून पुढच्या चाकाकडे जाणारा रॉडही तिरका झालेला असतो. काही ठिकाणी स्टिअरिंगचं चाकच उपसून एक-दोन दाते सोडून परत बसवतात. तसं करू नका. नव्या गाड्यांत स्टिअरिंग किती वळलंय हे मोजणारा सेन्सर असतो आणि ईएसपी, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, त्याच्यावर अवलंबून असतं. गाडी सरळ जात असताना सेन्सर वळण दाखवत राहिला तर ईएसपी नको तेव्हा ब्रेक लावू शकतं. रॉडची लांबी त्याच्या मधल्या नटाने जुळवा, स्टिअरिंगच्या चाकाला हात लावू नका.

फीता, वही आणि धरमकाटा

आमच्या ओळखीतला एक म्हातारा कारागीर आहे, आयुष्य पाटे बांधण्यात गेलेलं. त्याला गाडी दाखवली तर तो खाली वाकलाच नाही. म्हणाला, "भिया, पहले फीता निकालो." त्याने आम्हाला चार आकडे लिहायला लावले.

पद्धत अशी. फरशीची सपाट जागा शोधायची. टायरमध्ये चारी बाजूंना ठरलेली हवा भरायची, कारण टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे आणि हवा कमी-जास्त असेल तर सगळी मापं खोटी येतात. गाडी दहा-पंधरा फूट पुढे-मागे करून ब्रेक न लावता थांबू द्यायची, मग चारी कोपरे हाताने दोन-चारदा दाबून सोडायचे. आणि मग चाकाच्या मधोमधपासून मडगार्डच्या काठापर्यंत सरळ वर मोजायचं. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज मध्ये येते.

आमचे आकडे: पुढे डावं ५३१, पुढे उजवं ५१९, मागे डावं ५४२, मागे उजवं ५४० मिमी. पुढे १२ मिमीचा फरक. उजवी बाजू खाली, तीही चालक बसलेला नसताना. म्हाताऱ्याने स्प्रिंगांवरचे नंबर बघायला सांगितले. काही किटमध्ये चालकाच्या बाजूची स्प्रिंग मुद्दाम थोडी लांब देतात. बसवणाऱ्याने ती डावीकडे घातली होती. अदलाबदल केली: डावं ५२३, उजवं ५२७. भाऊ चालकाच्या जागेवर बसला आणि दोन्ही जवळपास सारखे झाले. हे चार आकडे आता त्या गाडीच्या वहीत पहिल्या पानावर आहेत. वर्षाने पुन्हा मोजलं की कुठली स्प्रिंग बसली ते कळेल.

स्प्रिंग निवडताना वजनाचा अंदाज लोक हवेत करतात. देवास नाक्याकडे धरमकाट्यांची कमी नाही, तिथे थोड्याशा पैशात खरा आकडा मिळतो. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. टाकी भरलेली, हत्यारं, स्टेपनी, नेहमीची माणसं, सगळं घेऊन. रिकामी जिम्नी साधारण १,२०० किलोंची. तिला पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढायचं यंत्र) लावला तर सत्तर-ऐंशी किलो सगळेच्या सगळे पुढच्या ॲक्सलवर येतात. अशा गाडीला जड वजनाची स्प्रिंग हवीच. पण बंपर-विंच काही नसताना दुकानदाराने "हेवी घ्या, टिकते" म्हणून दिलेली स्प्रिंग घेतली तर गाडी ठरल्यापेक्षा उंच बसेल आणि रिकामी असताना दगडासारखी आदळेल. त्या आदळण्याला शॉकअपची चकती फिरवून उपाय नाही.

आता ती गोष्ट जी मला सगळ्यात जास्त सांगायची आहे, कारण ती कुठल्याही गॅरेजमध्ये फुकट होऊ शकते आणि तरी होत नाही. रॉडच्या टोकांना रबरी बुश असतात. त्यांची आतली लोखंडी नळी बोल्टने पकडलेली असते, बाहेरची रॉडमध्ये ठोकलेली असते, आणि मधलं रबर दोन्हींना चिकटलेलं असतं. रॉड हलला की रबर पिळलं जातं. किट बसवताना गाडी गॅरेजच्या उचलायच्या लिफ्टवर असते, चाकं लोंबत असतात. त्याच स्थितीत बोल्ट पूर्ण आवळले, तर रबराच्या दृष्टीने लोंबलेली स्थिती हीच सरळ स्थिती. गाडी जमिनीवर आली की सगळे बुश पिळलेल्या अवस्थेत उभे. गाडी कडक वाटते, उंची खोटी दिसते, आणि काही महिन्यांत रबर फाटतं. म्हणून बोल्ट हाताने लावून गाडी चाकांवर उतरवायची, थोडी हलवायची, आणि मगच खाली आडवं पडून टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, आवळायचं. आमच्या गाडीत पुढच्या आडव्या रॉडचा बुश एका बाजूने चिरलेला होता आणि त्याचा बोल्ट अर्धा आटा सैल होता. कमी झालेला कॅस्टर आणि हा सैल रॉड, दोघांनी मिळून राऊजवळ स्टिअरिंग हलवलं.

असा थरथराट आला की लोक स्टिअरिंग डँपर, म्हणजे स्टिअरिंगचे झटके आवरणारा छोटा शॉकअप, बदलतात. नवा डँपर तो काही काळ दाबून टाकतो, मूळ कारण तसंच राहतं आणि वाढत जातं. आधी एकाला स्टिअरिंग डावी-उजवी हलवायला सांगा, इंजिन चालू ठेवून, चाकं जमिनीवर. तुम्ही बाजूला वाकून एकेका सांध्यावर हात ठेवा. कुठला सांधा हलण्याआधी कट् करतो ते बोटांना कळतं. मग चाकांचं बॅलन्सिंग, मग नकल्सची, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या सांध्यांची, बेअरिंग. डँपर शेवटी.

चकती फिरवायची ती कधी

एवढं सगळं झालं की मगच शॉकअपची चकती. आधी ती घड्याळाच्या दिशेने पूर्ण बंद करा आणि तिथून किती घर मागे आहे ते मोजून वहीत लिहा, कारण "मध्ये कुठेतरी" या मापावर परत येता येत नाही. बहुतेकांना एकच चकती असते, ती मुख्यतः रिबाउंडची. मधोमध ठेवून सुरुवात करा. रोजचाच एखादा ओळखीचा तुकडा निवडा, त्यात एक स्पीड ब्रेकर, थोडा खडबडीत भाग आणि एक वळण हवं. आम्ही सिमरोलच्या पुढचा एक तुकडा धरला होता. स्पीड ब्रेकरवरून गेल्यावर मागची बाजू दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा डोलत असेल तर दोन घर आवळा. खडबडीत भागात गाडी खाली खाली बसत जात असेल, किंवा चाकं उड्या मारत असतील आणि पकड सुटत असेल, तर दोन घर सोडा. एका वेळी एकाच जोडीला हात लावा, पुढची किंवा मागची, आणि प्रत्येक वेळी तोच तुकडा त्याच वेगाने. आमची गाडी मागे चार घर सोडल्यावर शांत झाली. विकणाऱ्याने ती पूर्ण आवळून दिली होती.

जिप्सीवाल्यांसाठी थोडं वेगळं. चारी बाजूंना पाटे. पाटे वजनही पेलतात आणि ॲक्सल जागेवरही धरतात, आणि एकमेकांवर घासून थोडी उसळीही आवरतात. जास्तीचा एक पाटा घातला की उंची वाढते, त्याबरोबर कडकपणाही वाढतो. जुन्या पाट्यांना भट्टीत तापवून कमान चढवून घेतात, पण तापवलेल्या पोलादाला परत पाणी दिलं नाही तर त्याचा ताव जातो आणि पाटा पावसाळाभरात परत सपाट होतो. पुढच्या पाट्यांना लोखंडी ठोकळे घालून उंची वाढवू नका, ब्रेक दाबल्यावर पाटे पिळतात आणि ठोकळा सरकू शकतो. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट एकदा सोडले की नवेच घाला.

२०१० ते २०२० च्या दरम्यानच्या जुन्या थारच्या सीआरडीई मॉडेलला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळल्या जाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या, आहेत. त्याचा बोल्ट पाना लावून फिरवला की दहा मिनिटांत पुढची बाजू वर. म्हणून हे सगळ्यात स्वस्त लिफ्ट. पण तिथेही चालीचाच हिशेब आहे: वर गेलेलं प्रत्येक मिलिमीटर खाली लोंबायच्या चालीतून जातं, आणि पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे जास्त वाकून त्यांचे रबरी बूट फाटतात. २०२० नंतरच्या थारला पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन हात, आणि कॉइलओव्हर, म्हणजे शॉकअपवरच चढवलेली स्प्रिंग. वरच्या टोकाला २५ मिमीची चकती घातली तर चाकापाशी दीड ते दोन पट उंची वाढते, कारण शॉकअप हाताच्या मध्यात कुठेतरी बसलेला आहे. इथे शॉकअपच खाली ढकलला जातो, म्हणून लोंबायची चाल टिकते आणि बॉल जॉइंट, शाफ्ट त्यांच्या हद्दीबाहेर वाकतात. एक इंचापुढे जाऊ नये.

उंचीची किंमत तोलातही द्यावी लागते. जिम्नीच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर साधारण १,४०० मिमी. गाडीच्या वजनाचा मध्य समजा जमिनीपासून ७०० मिमी वर असेल तर कागदावर ती ४५ अंशांच्या उताराला कलंडेल. तो मध्य ७५० मिमीवर गेला की ४३ अंशांना. प्रत्यक्षात टायर आणि स्प्रिंगा दबतात, म्हणून दोन्ही आकडे आणखी खाली येतात. कॅरिअरवर सामान टाकलं की अजून खाली. जाम गेटच्या घाटात उतरताना हे लक्षात असू द्या.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, कारखान्याने दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात आलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते. किट घ्यायच्या आधी आरटीओत आणि विमावाल्याकडे विचारून घ्या, नंतर नको. हेडलाइटही खाली करून घ्या, समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

आमच्या गाडीचं काम संपल्यावर म्हाताऱ्याने प्रत्येक आवळलेल्या बोल्टवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली, नटावरून सरळ पट्टीपर्यंत. पाचशे किलोमीटर झाले की खाली वाकून रेघा बघायच्या. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला आहे. परवा भावाने बघितल्या. सव्वीसपैकी एक तुटली होती, मागच्या उजव्या शॉकअपच्या खालची. त्याने ती आवळली, जुनी रेघ पुसली आणि नवी ओढली.